खुलासा मिळू शकला नाही

आमच्या कॉलनीत कुणाकडे लग्न निघालं, वास्तुशांत असली किंवा कुणी गेलं, की छापायला देण्याआधी मजकूर माझ्याकडे येतो. मी एका दैनिकाच्या नाशिक कचेरीत मुद्रितशोधक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी लोकांच्या लेखी मी अजून 'पेपरवाल्या मॅडम'च आहे. पूर्वी लोक कागद घेऊन यायचे, आता फोनवर पाठवतात आणि खाली लिहितात, "जरा नजर टाका." मी 'आशिर्वाद'चं 'आशीर्वाद' करते, 'दुखःद'मधला विसर्ग जागेवर आणते, एकाच वाक्यात तीनदा आलेलं 'आपल्या' दोनदा काढते. मला याचा कंटाळा कधी आला नाही. उलट थोडा तोराच होता म्हणा ना. सबंध नोकरीत माझं नाव पेपरात एकदाही छापून आलं नाही, पण माझ्या हाताखालून गेल्याशिवाय काही छापलंही जात नव्हतं.

महापालिकेची निवडणूक रखडत रखडत शेवटी लागली तेव्हा आमच्या प्रभागातून एक बाई अपक्ष उभ्या राहिल्या. त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. सरकारी दवाखान्यात त्या परिचारिका होत्या. आमच्या मागच्या बाजूला बौद्ध कुटुंबांची वस्ती आहे, तिथे त्यांचं घर. निवृत्तीनंतरही कुणाला इंजेक्शन द्यायचं असो, जखम धुवायची असो, त्यांना फक्त निरोप गेला की त्या यायच्या. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा पाठीला जखमा झाल्या. त्या जखमांची पट्टी बदलायला सिस्टर कित्येक महिने रोज आमच्याकडे आल्या. सासूबाई जुन्या वळणाच्या. सुरुवातीला त्या सिस्टरांच्या हातचं पाणी घ्यायला कां-कूं करायच्या, नंतर नंतर त्यांची वाट बघायला लागल्या. सिस्टरांना हे कळत नव्हतं असं नाही. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त काम करत राहिल्या. हे सगळं मला माहीत होतं. म्हणून पुढे जे झालं त्याला 'मला काय माहीत' असं म्हणायची सोय मला नाही.

माझा धाकटा भाऊ पाथर्डी फाट्याजवळ इलेक्ट्रिकचं दुकान चालवतो. समोरचा मोठ्या पक्षाचा उमेदवार त्याचा शाळेपासूनचा मित्र, त्यामुळे त्या महिन्यात भाऊ दुकानात कमी आणि प्रचार कार्यालयात जास्त असायचा. सकाळी मिसळीची पार्टी, संध्याकाळी कोपरा सभा. अपक्ष बाईचं कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. मग हळूहळू लक्षात यायला लागलं की घराघरांतल्या बायका सिस्टरांचंच नाव घेतायत. नाल्याचं पाणी दरवर्षी घरात शिरतं त्यासाठी त्याच पालिकेत खेटे घालत होत्या, हे सगळ्यांना दिसलेलं होतं. भावाच्या बोलण्यात काळजी यायला लागली.

संक्रांत तोंडावर होती. मी दुपारी गुळाचा पाक करायला घेतला होता आणि भावाचा मेसेज आला. पाठोपाठ फोनही. "ताई, एक पाठवलंय. जरा शुद्धलेखन बघ. घाई आहे."

मजकूर वाचून आधी मला हसूच आलं. वरती 'सावधान' आणि त्यापुढे उद्गारचिन्हांची रांग. मग लाल दिवे, बोट दाखवणारे हात. सिस्टरांचं सरळ नाव नव्हतं, पण कळायला काही उरलं नव्हतं. कोरोनाच्या काळात दवाखान्यातली इंजेक्शनं या बाईंनी बाहेर विकली, त्यामुळे माणसं गेली, चौकशी लागली होती पण दाबली, असं त्यात होतं. शेवटी त्यांच्या जातीवरून एक घाणेरडं वाक्य होतं.

मी भावाला परत फोन लावला. "अरे, हे खरं आहे का?"

"सगळ्यांना माहितीये ताई. तू फक्त शुद्धलेखन बघ."

आता त्या क्षणाचा विचार करते तेव्हा वाटतं, मी खरं तर विचारलंच नव्हतं. विचारल्यासारखं केलं होतं. तो जे सांगेल ते मान्य करायची माझी तयारी आधीच झाली होती. गॅसवर पाक उकळत होता, ओट्यावर तीळ भाजून ठेवलेले होते, आणि माझ्या डोळ्यांना त्या मजकुरातल्या चुका टोचत होत्या. 'चौकशी'चा पहिला 'चौ'च चुकला होता. एवढं वाईट मराठी माझ्या भावाच्या फोनवरून बाहेर जावं हेच मला सहन होईना.

पाक उतरवून मी बसले. आधी जातीचं वाक्य काढलं. ते काढताना मला फार बरं वाटलं, आपण काहीतरी चांगलं करतोय असं. मग दिवे आणि हात काढले. उद्गारचिन्हं काढली. आणि एकदा हात चालायला लागला की तो थांबत नाही, ती आयुष्यभराची सवय. 'विकली'च्या जागी 'विकल्याचा आरोप आहे' केलं. 'सगळ्यांना माहीत आहे' होतं तिथे 'असे समजते' घातलं. परिच्छेद पाडले. वाचून पाहिलं तर शेवट तुटल्यासारखा वाटत होता. जातीचं वाक्य गेलं होतं ना, तिथे काहीतरी हवं होतं. मी लिहिलं, 'याबाबत संबंधित उमेदवाराशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला असता त्यांचा खुलासा मिळू शकला नाही.'

हे वाक्य माझ्या बोटांना पाठ होतं. कचेरीत रोज कुठल्या ना कुठल्या बातमीखाली ते असायचं. मी ते विचार करून लिहिलं नाही, पण लिहिलं मीच. भावाला पाठवलं आणि लाडू वळायला गेले. त्याचं उत्तर आलं, 'एक नंबर ताई.'

संध्याकाळी तो मजकूर कॉलनीच्या ग्रुपवर दिसला. मग भिशीच्या ग्रुपवर. मग योगवर्गाच्या. दुसऱ्या दिवशी तो माझ्या जुन्या कचेरीतल्या मंडळींच्या ग्रुपवर आला आणि आमच्या एका निवृत्त उपसंपादकांनी खाली लिहिलं, "कुणीतरी आपल्यातल्याच जाणकाराने लिहिलेले दिसते. नेहमीचा कचरा नाही." ते वाचून मला आनंद झाला. हे लिहायला जड जातंय, पण झाला. त्या बाईंचं काय होईल हे माझ्या मनात आलंच नाही. माझ्या स्वल्पविरामाची कुणीतरी कदर केली, एवढंच मनात आलं.

पुढच्या दिवशी मी दळण टाकायला गिरणीत गेले. तिथे आमच्या शेजारच्या इमारतीतल्या दोघीतिघी उभ्या होत्या. विषय तोच. त्यांतली एक माझ्या ओळखीची. वयाने चाळिशीची, माहेर वणीकडचं, नवरा कोरोनात गेला. तो टेम्पो चालवायचा. ती एरवी मोजकं बोलणारी, पण त्या दिवशी तिचा आवाज चढलेला होता.

"मी आधी ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता," ती म्हणाली. "पण यात नीट लिहिलंय. त्यांना विचारलं होतं, त्या बोलल्या नाहीत. खरं नसतं तर बोलल्या नसत्या का?"

दुसरी म्हणाली, हो ना, ते वाक्य वाचूनच मलाही पटलं.

गिरणीच्या आवाजात मी काही ऐकलं नाही असं दाखवलं. पिठाचा डबा घेऊन घरी आले आणि तशीच खुर्चीत बसून राहिले. कचेरीत ते वाक्य बातमीखाली घालायचं असेल तर आमचे मुख्य उपसंपादक आधी विचारायचे, फोन केला होता का, कुणी केला, किती वाजता केला. वार्ताहर चाचरला तर वाक्य कापून टाकायचे. त्या वाक्याला त्यांच्या लेखी वजन होतं. मी ते फुकट वाटून टाकलं होतं. सिस्टरांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. विचारायचं असतं तर मला फोनही लागला नसता, चालत गेले असते.

मी आमच्या ह्यांना सांगितलं. ते सातपूरच्या कंपनीतून निवृत्त झालेत, साधा माणूस. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "तू काना-मात्राच बघितलास ना. मजकूर तुझा नव्हता." त्यांना मला धीर द्यायचा होता. मला मात्र वाटत राहिलं, मजकूर आला तेव्हा कुणी विश्वास ठेवला नसता असा होता. विश्वास ठेवण्यासारखा मी केला.

दोन दिवसांनी दुपारी बेल वाजली. दारात सिस्टर होत्या. खांद्याला पिशवी, हातात फोन. निवडणुकीच्या धावपळीने चेहरा वाळला होता. मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांचं तपासून देता. आमचंही बघाल का? आजच्या आज टाकायचंय."

त्यांनी स्वतः खुलासा लिहिला होता. आपली अशी कोणतीही चौकशी कधी झालेली नाही, निवृत्तीच्या दिवशी दवाखान्याने सत्कार केला, हवं तर कुणीही जाऊन विचारावं, असं त्यात होतं. भाषा सरळ होती. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, बाकी काही नव्हतं. मी वाचत होते आणि त्या समोर बसून बोलत होत्या.

"मला एक कळत नाही," त्या म्हणाल्या. "मला कुणाचाच फोन आला नाही. कुणी घरी आलं नाही. मग खुलासा मिळाला नाही असं कसं काय लिहिलं?"

मी मान वर केली नाही. म्हणाले, "तसं लिहायची पद्धत असते पेपरात."

माझ्या तोंडून गेलेल्या सगळ्या शब्दांमध्ये हे मला सर्वांत वाईट वाटतात. मेसेज मी डोळे झाकून दुरुस्त केला होता असं एक वेळ म्हणता येईल. हे मी त्यांच्या समोर बसून, त्यांचं ऐकून, म्हणाले. त्या 'अच्छा' म्हणाल्या. त्यांचा त्यावर विश्वास बसला. मी दोन ऱ्हस्व दीर्घ करून फोन त्यांच्या हातात परत दिला. त्यांच्या खुलाशात, ते शेवटचं वाक्य कुणी आणि कसं लिहिलं हे सांगणारं एक वाक्य घातलं असतं तर तो उभा राहिला असता, आणि ते वाक्य फक्त मीच लिहू शकत होते. त्या 'येते मॅडम' म्हणून गेल्या.

तो खुलासा कॉलनीच्या ग्रुपवर आला. खाली दोन नमस्काराचे हात पडले. कुणी तो पुढे पाठवला असेल असं वाटत नाही. माझ्याकडे तरी तो दुसऱ्या कुठल्या ग्रुपवरून आला नाही. आधीचा मजकूर तोवर कुठून कुठून फिरून पुन्हा पुन्हा येत होता.

मी भावाला दुकानात जाऊन गाठलं. फोनवर बोलायचं नव्हतं. तो एका गिऱ्हाईकाला पंखा दाखवत होता, ते गेल्यावर मी विचारलं की हे तुझ्याकडे आलं कुठून. आधी तो 'वरून आलं' म्हणत राहिला. मग माझा चेहरा बघून त्याने फोन काढला आणि मूळ मेसेज दाखवला. तो भलत्याच जिल्ह्यातल्या, भलत्याच बाईंबद्दलचा होता. त्या बाईही परिचारिका होत्या की नाही कोण जाणे. गावाचं नाव आणि दोन ओळी बदलून कुणीतरी तो आमच्या प्रभागाचा करून दिला होता.

"म्हणजे यात खरं काहीच नाही," मी म्हणाले.

"राजकारणात असं चालतं, ताई."

"तू मला सगळ्यांना माहितीये म्हणालास."

"आता झालंय ना सगळ्यांना माहीत." हे त्याने हसत म्हटलं नाही. थकून म्हटलं. मग म्हणाला, मतदान होईपर्यंत तू गप्प बस, मी या लोकांच्यात रोज उठतो-बसतो, माझा धंदा इथे आहे. लहानपणी तापात माझ्या कुशीत झोपणारा मुलगा तो. मी त्याला काही कबूल केलं नाही, पण घरी आले आणि गप्प बसले. मतदानाला तेव्हा थोडे दिवस उरले होते. त्या दिवसांत मी बोलले असते तर त्याचा उपयोग होता. हे मला तेव्हाही कळत होतं.

मत मी सिस्टरांना दिलं. त्याने माझं काही हलकं झालं नाही. मतदान केंद्राबाहेरच्या रांगेत माझ्या पुढे-मागे ज्या बायका होत्या, त्यांतल्या काहींच्या बोलण्यातून कळत होतं की त्यांचं ठरलेलं बदललंय. 'मनात होतं, पण नको वाटतं आता,' असं एक जण म्हणाली. सिस्टर पडल्या. त्या माझ्या मजकुरामुळेच पडल्या का, हे मी सांगू शकत नाही. अपक्ष माणसं बहुतेक पडतातच, असं भाऊ म्हणतो, आणि ते खोटं नाही. पण मला याचं उत्तर कधीच कळणार नाही, हीसुद्धा मला झालेली शिक्षाच आहे असं वाटतं. निकालाच्या संध्याकाळी भाऊ गुलालाने माखलेला आला, पेढे ठेवून गेला. त्याला वाटलं मी आजारी आहे.

नंतरच्या आठवड्यात मी सिस्टरांकडे गेले. त्या अंगणात खुर्ची टाकून मटार सोलत बसल्या होत्या. मला बघून उठायला लागल्या, मी त्यांना बसवलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं. तो मेसेज भावाकडून आला, मी दुरुस्त केला, शेवटचं वाक्य माझं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी पद्धतीची गोष्ट सांगितली तेव्हाही मला हे ठाऊक होतं. मधे थांबले असते तर पुढचं बोलणं झालं नसतं, म्हणून एका दमात बोलले.

त्या मटार सोलत राहिल्या. मग विचारलं, "ते वाक्य तुमचं?"

"हो."

"मला ते कुण्या वकिलाचं वाटत होतं."

त्या रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या शांतपणे सांगत होत्या की निवडणूक हरल्याचं त्यांना एवढं वाटत नाही, उभं राहतानाच त्यांनी ते धरलं होतं. पण ज्या घरांमध्ये कोरोनाच्या काळात त्या अंगावर तो प्लॅस्टिकचा झगा चढवून गेल्या, ज्यांच्या म्हाताऱ्यांना त्यांनी पालथं झोपायला शिकवलं, त्या घरांतल्या बायका आता समोरून आल्या की रस्ता ओलांडतात. त्यांच्या यजमानांना तर भाजीवाल्याने तोंडावर विचारलं होतं.

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला सांगून काय होणार? मला तर आधीपासून माहीत होतं की खोटं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा." मला चहा विचारला नाही. मी निघताना त्यांनी मटारची टरफलं गोळा करायला सुरुवात केली होती.

त्याच संध्याकाळी मी कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं, माझ्या नावाने. भावाचं नाव मी घेतलं नाही, तेवढं अजूनही माझ्याने झालेलं नाही. बाकी सगळं लिहिलं. आयुष्यात एवढा खराब मजकूर मी लिहिला नसेल. वाक्यं लांबली होती, एक क्रियापद राहून गेलं होतं. तरी तसाच पाठवला. काहींनी हात जोडले. एकाने लिहिलं, मॅडमवर दबाव दिसतोय. एका बाईंनी खाजगीत लिहिलं, तुम्ही फार चांगल्या आहात, पडलेल्या बाईंना आधार म्हणून असं लिहिलंत. मी खोटं लिहिलं तेव्हा सगळ्यांनी ते खरं धरलं होतं, आणि आता खरं लिहिलं तर ते चांगुलपणापायी बोललेलं खोटं ठरत होतं. थोड्या वेळाने कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस निघाला आणि फुगे-केकच्या चित्रांमुळे माझं लिहिणं वर सरकून दिसेनासं झालं. रात्रीच्या जेवणाच्या आत भावाने फोन करून सांगितलं की त्याचं नाव नसलं तरी लोकांना कळायचं ते कळतं, आणि फोन ठेवला. त्यानंतर बरेच दिवस तो बोलला नाही.

मग मी घरोघरी जायला लागले. हे काही ठरवून मोठं काम हाती घेतलं असं नाही. आधी खालच्या मजल्यावर गेले, मग समोरच्या इमारतीत. लोक 'या, बसा' म्हणत. मी सांगितलं की ऐकून घेत. काहींना ते आठवतच नव्हतं, 'कुठला मेसेज?' म्हणाले. त्यांनी त्यावरून मत फिरवलं होतं आणि विसरूनही गेले होते. एका आजोबांनी मलाच समजावलं की कुठेतरी काहीतरी असल्याशिवाय एवढं उठत नाही. काहींना मात्र पटलं. एक तरुण जोडपं मला दारापर्यंत सोडायला आलं आणि म्हणालं, आम्ही सिस्टरांकडे जाऊन येतो. ते गेले की नाही मी विचारलं नाही.

टेम्पोवाल्याच्या बायकोकडे जायचं मी लांबवत होते. गिरणीत तिचा चढलेला आवाज माझ्या कानात होता. शेवटी एका सकाळी गेले. ती कपडे वाळत घालत होती, ओल्या हातांनीच दार उघडलं. "या काकू," म्हणाली, वेताच्या मोढ्यावर बसवलं. भिंतीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो. मी सांगायला लागले. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं होतं, तिला सिस्टरांबद्दल वाईट वाटेल. तसं काही दिसलं नाही.

"म्हणजे ती बाई नाय?" तिने विचारलं.

"नाही गं. त्यांचा काही संबंध नव्हता."

"मग कोण?"

मला प्रश्न कळला नाही. तेव्हा ती सांगायला लागली. नवरा दवाखान्यात असताना डॉक्टरांनी ते इंजेक्शन आणायला सांगितलं होतं. ती आणि तिचा दीर सगळं शहर फिरले. रांगा, चिठ्ठ्या, आज या, उद्या या. कुणीतरी सांगितलं म्हणून द्वारका चौकात एका माणसाला भेटले. त्याने आधी हो म्हटलं, मग त्याचा फोन बंद झाला. जेव्हा इंजेक्शन हातात आलं तेव्हा उशीर झालेला होता.

"इतकी वर्षं कुणाला शिव्या द्यायच्या तेच कळत नव्हतं मला," ती म्हणाली. "तो मेसेज आला अन् वाटलं, हीच ती. माहेरी सांगितलं, सासरी सांगितलं, पोरीला सांगितलं. लय वाईट झालं, पण मन जरा थाऱ्यावर आलं होतं. आता तुम्ही म्हणता, ती नाय."

एवढे दिवस मी फक्त सिस्टरांच्या बाजूने हिशेब मांडत होते. तो मजकूर दुसऱ्या टोकाला कुणाकुणाच्या हातात पडला, आणि त्यांनी तो किती घट्ट धरला, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दवाखान्यासमोर ताटकळलेली, माणूस गमावलेली अशी किती घरं या शहरात असतील. त्यांच्या मनात राग होता आणि त्याला चेहरा नव्हता. मी शुद्ध मराठीत तो पुरवला होता.

"तुम्ही जा आता, काकू," ती म्हणाली. मी उठले.

त्यानंतर सिस्टर मला रस्त्यात भेटल्या तर थांबतात. फार नाही, पण बोलतात. नाल्याच्या कामाबद्दल सांगतात, त्यांनी ते सोडलेलं नाही. टेम्पोवाल्याची बायको मात्र माझ्याशी बोलेना. गिरणीत मी दिसले की डबा तिथेच ठेवून 'नंतर येते' म्हणून निघून जायची. मला ते बरोबरच वाटत होतं. तरी एकदा वाटलं, आपण पुन्हा जावं. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात गेले. तिने दार उघडलं, 'आत या' म्हणाली नाही, पण दार लावलंही नाही. मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याबद्दल सांगशील का? मी त्यांना एकदोनदाच पाहिलं होतं."

ती दाराच्या चौकटीला टेकून सांगायला लागली. तो पिंपळगावहून द्राक्षाच्या पेट्या भरून न्यायचा. गाडी त्याने स्वतःच्या हाताने रंगवली होती. दवाखान्यातून त्याचा शेवटचा फोन आला तेव्हा दम लागत होता, पण विचारत होता काय तर गाडी रोज थोडी चालू करते का, नाहीतर बॅटरी उतरेल. तिला गाडी चालू करता येत नव्हती. ती हो म्हणाली होती.

"खोटं बोलले मी त्यांच्याशी," ती म्हणाली, आणि खाली जिन्याकडे बघत राहिली. मी तिच्या शेजारी उभी होते. तिला जेवढं बोलायचं होतं तेवढं ती बोलली, आणि मी ऐकत राहिले.